चेहऱ्यावरचा उजेड रंगवताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

"सर, आमच्या अण्णांना जरा उजळ करा."

शाळेत चित्रकला शिकवता शिकवता मी व्यक्तिचित्रांची कामं घेत असे. त्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की मुलं कोपरे दुमडलेला एक जुना फोटो घेऊन येत. त्यावरून मोठं तैलचित्र करून द्यायचं. अण्णांचा उभा जन्म नगर जिल्ह्याच्या उन्हात गेलेला, रंग तव्यासारखा. पण भिंतीवर मात्र ते गव्हाळ हवेत. आणि मी तसे ते करून देत असे. खोटं कशाला सांगू, त्याचे पैसे मिळत.

माझी कृती ठरलेली होती. फोटोवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या करून पाडायच्या आणि रेखाटन उतरवून घ्यायचं. मग पांढरा, यलो ऑकर आणि चिमूटभर व्हर्मिलियन मिसळून 'कातडीचा रंग' तयार करायचा. उजेड असेल तिथं त्यात पांढरा वाढवायचा, सावली असेल तिथं काळा. शेवटी मऊ ब्रशनं सगळं घोटून गुळगुळीत करायचं. चित्र हुबेहूब होई, गिऱ्हाईक खूश होई. पण अशी पाच-सहा चित्रं शेजारी शेजारी ठेवली, की मला खटकायचं. नाकडोळे प्रत्येकाचे वेगळे, पण कातडी सगळ्यांची एकच. जणू सगळ्यांना एकाच डब्यातला रंग दिला आहे. आणि तो खरोखरच एकाच डब्यातला होता.

निवृत्त झाल्यावर मी आईचं चित्र काढायला घेतलं. आई तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होती. मी विचारलं तर म्हणाली, "माझं काय काढतोस रे, काळ्या बाईचं?" ती हसत हसतच म्हणाली. पण लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तिनं हे ऐकलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. घरात तिचा एकटीचा असा एकही फोटो नव्हता. फोटो काढायची वेळ आली, की ती मागं सरकायची.

माझ्या नेहमीच्या कृतीनं आईला रंगवलं असतं, तर तीही अण्णांसारखी उजळ झाली असती. ते मला नको होतं. बरं, त्याच मिश्रणात तपकिरी वाढवून तिला सावळी केली असती, तर तेही चित्र तिचं झालं नसतं. मग जे प्रकरण मी शाळेत मुलांना दोन ओळींत सांगून पुढं सरकत होतो, ते साठी ओलांडल्यावर नव्यानं शिकायला बसलो. त्याचं नाव दृक्प्रत्ययवाद. त्या पद्धतीनं तैलरंगात माणसाचा चेहरा कसा रंगवतात, हे आज सांगायचं आहे.

शब्द जड आहे, इंग्रजीतला इम्प्रेशनिझम. अर्थ मात्र सोपा आहे. डोक्याला जे माहीत आहे ते रंगवायचं नाही, डोळ्यांना या घडीला जे दिसतं आहे ते रंगवायचं. 1874 साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत क्लोद मोने, रेन्वार, देगा, पिसारो, बर्थ मोरिसो वगैरे चित्रकारांनी स्वतःच आपलं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या सूर्योदयाच्या एका चित्राच्या नावात 'इम्प्रेशन' हा शब्द होता. लुई लरॉय नावाच्या टीकाकारानं तोच शब्द उचलून सगळ्यांची टर उडवली आणि टिंगलीचं नावच पुढं कायम झालं.

दोन वर्षांनी, 1876 साली, रेन्वारनं झाडाखालच्या एका तरुणीचं चित्र मांडलं. पानांमधून झिरपणारं ऊन तिच्या खांद्यांवर पडलेलं आहे आणि सावलीत हिरव्या-जांभळ्या छटा आहेत. अल्बेर वुल्फ या टीकाकारानं त्यावर लिहिताना त्या अंगाची तुलना चक्क सडत चाललेल्या मांसाशी केली. टीका जहरी होती, पण एका बाबतीत त्याचं चुकलं नव्हतं. त्या अंगावर हिरवा आणि जांभळा रंग होताच. फक्त तो कातडीचा नव्हता, झाडाचा आणि आभाळाचा होता.

या चित्रकारांच्या मागं थोडं शास्त्र होतं आणि थोडी सोयही होती. शास्त्र शेव्रल नावाच्या रसायनतज्ज्ञाचं. पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामाच्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळ्या धाग्याचा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडं आली. त्यानं तपासलं तर धाग्यात काहीच दोष नव्हता. दोष शेजारच्या रंगांचा होता, त्यांच्यामुळं काळा मेल्यासारखा दिसत होता. कोणताही रंग शेजाऱ्यामुळं बदलतो, हा सिद्धांत त्यानं 1839 साली पुस्तकरूपानं मांडला. आपल्या बायकांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक असतं. एकच ब्लाउजपीस हिरव्या साडीवर एक दिसतो आणि लाल साडीवर दुसराच. सोय म्हणाल तर रंगाच्या ट्यूबची. 1841 साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढायची पत्र्याची ट्यूब आणली. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ट्यूब आली आणि रंग खिशात घालून उन्हात जाता येऊ लागलं.

आपल्याकडं हे वारं उशिरा पोचलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1857 पासून शिक्षण सुरू होतं, पण भर काटेकोर रेखाटनावर आणि घोटीव छायाप्रकाशावर. तिथंच शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान तलावाकाठच्या उजेडाची चित्रं काढत राहिले, ती बघताना मोनेची आठवण येते. 1930 नंतरच्या दशकात जेरार्ड साहेब कलाशाळेचे प्रमुख झाले आणि मुलांच्या हातात रुंद ब्रश आले. त्याच सुमारास नाझींच्या छळामुळं व्हिएन्ना सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर मुंबईत 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. रझा, आरा, हुसेन ही तेव्हाची तरुण मंडळी त्यांच्या घरी जमत. लँगहॅमर त्यांना सांगत ते रंगांविषयी, भडक आणि मोकळ्या हातानं लावलेल्या रंगांविषयी.

आणि व्यक्तिचित्र म्हटलं, की आपल्या नगरचा माणूस आठवल्याशिवाय कसं राहील? गोपाळ देऊसकर 1911 साली नगरला जन्मले, जे. जे.मध्ये शिकले, लंडनला गेले आणि देशातल्या अव्वल व्यक्तिचित्रकारांत गणले गेले. 1994 साली पुण्यात त्यांचं निधन झालं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी त्यांनी केलेली बालगंधर्वांची दोन भव्य चित्रं नाटकाला जाणाऱ्या कित्येकांनी पाहिली असतील, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. देऊसकर दृक्प्रत्ययवादी नव्हते. त्यांचा पाया अकादमिक, म्हणजे रेखाटनाचा. मग त्यांचं नाव इथं कशाला? कारण मोकळे फटकारे मारायचे म्हणजे रेखाटन न शिकताच सुटका झाली, असा समज पुष्कळांचा होतो. तसं नाही. डोक्याची कवटी आधी कळायला हवी. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, हे माहीत नसेल तर रंग कितीही ताजा असला तरी माणूस माणसासारखा दिसत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची मेहनत इथं कामाला येते.

आता सामान. 12 बाय 16 इंचांचा प्रायमर दिलेला कॅनव्हास किंवा बोर्ड. ब्रश राठ केसांचे, चपटे आणि मोठे, 8, 10 आणि 12 नंबरचे. बारीक ब्रश घरात असला तर तो कपाटात कुलूप लावून ठेवा. रंग आठ पुरेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि व्हिरिडियन. काळा मुद्दामच नाही. गडद हवा तेव्हा अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळायचा. त्यातून जो काळोख तयार होतो, तो निळ्याकडं किंवा तांबूसपणाकडं झुकवता येतो. ट्यूबमधला काळा एकदा सावलीत शिरला, की ती सावली भोकासारखी दिसते. सोबत टर्पेंटाईन आणि जवसाचं तेल. हो, ज्याची आपण चटणी करतो तोच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं, म्हणून रंग वाळायला दिवस लागतात.

इथंच एक धोक्याची सूचना. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात टाका.

समोर बसायला माणूस घरातलाच घ्या. सावळाराम हळदणकरांच्या हातात दिवा घेतलेल्या बाईच्या प्रसिद्ध चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. पुष्कळ लोक ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. ते हळदणकरांचं आहे, जलरंगातलं आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मुंबईच्या वासुदेव कामतांना 2006 साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर पुरस्कार मिळाला, तोही स्वतःच्या पत्नीच्या चित्राला. घरचं माणूस न कुरकुरता बसतं, हा एक फायदा. तोटा असा, की तो चेहरा आपल्याला पाठ असतो, आणि पाठ असलेली गोष्ट आपण बघत नाही.

मी आईला ओसरीवर बसवलं. आमची ओसरी उत्तरेकडं तोंड करून आहे. उत्तरेचा उजेड धीराचा, त्यात थेट ऊन येत नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते. आपल्याकडं पाऊसपाणी आटोपलं, की हवा कोरडी होते आणि आभाळ घासून ठेवल्यासारखं निळं दिसतं. सकाळी आठ ते दहा ही वेळ ठरवली. त्यापलीकडं उजेड इतका बदलतो, की सुरुवातीचं चित्र आणि शेवटचं चित्र यांचं भांडण लागतं. खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूनं खुणा केल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी खुर्ची तिथंच येते. आई अंजिरी लुगडं नेसून बसली.

पहिली गोष्ट, डोळे किलकिले करा. अर्धे मिटलेल्या डोळ्यांना सुरकुती दिसत नाही, पापणी दिसत नाही. दिसतात ते उजेडाचे तीन-चार ठोकळे: उजळ भाग, मधला भाग, गडद भाग. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाईनमध्ये पातळ करून हे ठोकळे मांडून घ्या. पेन्सिलीनं बाह्यरेषा काढू नका. चेहऱ्याला बाह्यरेषा नसते, कडा असते. ती कुठं स्पष्ट दिसते आणि कुठं मागच्या अंधारात विरून जाते. आईच्या उजव्या गालाची कडा भिंतीपुढं स्वच्छ दिसत होती. डाव्या बाजूला केस आणि दाराचा अंधार एकच झाला होता. मग तो एकच रंगवायचा, मध्ये रेघ ओढायची नाही.

दुसरी गोष्ट, रंगाची ऊब. थेट उन्हात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा उजेडाचा भाग उबदार, म्हणजे पिवळा-नारिंगी असतो आणि सावली थंड, म्हणजे निळी-जांभळी. कारण सावलीत ऊन पोचत नाही, पण आभाळ पोचतं. ओसरीवर याच्या उलट. तिथं उजेडच आभाळाचा, म्हणून उजळ भाग थंड आणि सावलीचा भाग उबदार. दिव्याजवळ बसवलं तर चेहरा पेटल्यासारखा नारिंगी. एकाच माणसाची ही तीन चित्रं तीन रंगांची होतील. यातला 'कातडीचा रंग' कोणता? मला अजून सापडलेला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या विषयावरची परदेशी पुस्तकं वाचाल, तर त्यातल्या कृती गोऱ्या चेहऱ्यांसाठी असतात. आपल्याला त्या जशाच्या तशा चालत नाहीत, आणि यात आपलं नुकसान काहीच नाही. कातडीवर पडलेला उजेड दोन वाटांनी परत येतो. शेकडा चार-पाच भाग वरच्यावरच परततो, पाण्यावरून परतावा तसा. त्याला उजेडाचाच रंग असतो, म्हणजे आभाळाखाली निळसर आणि दिव्याखाली पिवळा. उरलेला आत शिरतो आणि रक्ताचा लालपणा, मेलॅनिन या रंगद्रव्याचा तपकिरीपणा घेऊन त्यातला काही बाहेर येतो. गोऱ्या कातडीत आतून परतणारा उजेड भरपूर, त्यामुळं वरची चकाकी त्यात बुडून जाते. सावळ्या कातडीत आतून येणारा कमी, म्हणून वरचा उठून दिसतो. थोडक्यात, सावळा चेहरा आजूबाजूचे रंग जास्त स्पष्ट दाखवतो. आईच्या कपाळावर आभाळ होतं, निळसर करडं. हनुवटीखाली अंगणातल्या उन्हाचा परतलेला नारिंगी उजेड होता. मानेवर लुगड्याचा अंजिरी रंग चढला होता आणि त्याच्या शेजारचा करडा त्यामुळं हिरवट दिसत होता. शेव्रलचा धागा तो हाच.

हे रंग लावायचे कसे? फटकारा मारायचा आणि सोडून द्यायचा. पुन्हा त्यावर ब्रश फिरवायचा नाही. ब्रशवर रंग भरपूर घ्या, एक फटकारा मारा, ब्रश चिंधीला पुसा, मग पुढचा. शेजारी शेजारी ठेवलेले निळसर आणि तांबूस फटकारे लांबून डोळ्यांत आपोआप मिसळतात. तेच पॅलेटवर एकत्र केले तर चिखल होतो. तीनपेक्षा जास्त रंग एकात मिसळायचे नाहीत, हा माझा स्वतःपुरता नियम. सुरुवातीला तर माझ्या हाताला घोटायची इतकी सवय होती, की आईच मला सांगायची, "पुरे आता, किती चोळतोस?"

डोळ्यांचा पांढरा भाग पांढऱ्यानं रंगवू नका. तो पापणीच्या सावलीत असतो, त्यामुळं करडा असतो. पापण्यांचे केस मोजू नका. ओठांभोवती रेघ नको, खालच्या ओठाखालची सावली नीट बसली की ओठ आपोआप दिसतात. कपाळ थोडं पिवळट, नाक-गाल-कान तांबूस आणि हनुवटीकडचा भाग थोडा निळसर-हिरवट असतो, असा जुन्या चित्रकारांचा अनुभव आहे. तो आपल्या चेहऱ्यांनाही लागू पडतो, फक्त बघून ताडून घ्या. पातळ रंग आधी, जाड रंग नंतर. नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि पुढं तडे जातात. दर पाच मिनिटांनी सात-आठ पावलं मागं जाऊन बघा. आणि दोन तासांनंतर चित्र जमलं नसेल, तर सरळ पॅलेट नाइफनं खरवडून टाका. मी आईची चार चित्रं खरवडली. पाचवं ठेवलं.

पाचवं चित्र वाळायला ओसरीवर ठेवलं, तर शेजारपाजारचे बघायला आले. एक जण म्हणाला, "सर, आजींच्या कपाळाला निळं काय लागलंय?" दुसरा म्हणाला, "मानेला हिरवं झालंय, बुरशी आली का काय?" सगळे हसले. मला रेन्वारचा टीकाकार आठवला. आई मात्र चित्राजवळ जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "कुठं आहे निळं? मला तर सगळं मळकट दिसतंय."

त्या वेळी मी मनात खट्टू झालो. कारण नंतर कळलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड आत शिरू देत नाही. ज्या मोनेचं नाव मघापासून घेतो आहे, त्यालाही म्हातारपणी हेच झालं होतं. त्या वर्षांतली त्याची चित्रं लाल-तपकिरी होत गेली. 1923 साली त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हरवलेले निळे रंग परत दिसू लागले.

आईचंही तेच झालं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आली आणि सकाळी ओसरीवर बसली. एक डोळा हातानं झाकून अंगण बघायची, मग दुसरा झाकून बघायची. मग आत गेली आणि चित्रापुढं उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. परत बाहेर आली, ओसरीच्या कडेला उजेडात हात पुढं केला आणि हाताची मागची बाजू वळवून वळवून बघितली. म्हणाली, "आहे खरं निळं." थोड्या वेळानं म्हणाली, "पुढच्या खेपेला हिरवं नेसते. बघू काय दिसतंय."

हिरव्या लुगड्यातलं चित्रही झालं. त्या वेळी खुर्ची तिनं स्वतःच खडूच्या खुणांवर नेऊन ठेवली.

मोनेची आणखी एक हकिकत आहे. 1879 साली त्याची बायको कामीय गेली. तिच्या उशाशी बसला असताना आपण तिच्या चेहऱ्यावर पसरत जाणारे निळे, पिवळे, करडे रंग न्याहाळतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. पुढं क्लेमांसो या मित्रापाशी त्यानं ते बोलून दाखवलं. त्या वेळचं त्यानं रंगवलेलं चित्र आजही आहे. पूर्वी ही गोष्ट वाचून मला तो माणूस कोरडा वाटला होता. आई गेली त्या पहाटे तसं वाटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर उजेड कुठून येतो आहे, हे मीही बघत होतो. पण मी काही रंगवलं नाही. तिची दोन चित्रं घरात होती, ती बसलेली असताना, बोलत असताना काढलेली.

आता आपल्या जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं आहे आणि फोटो कोपरे दुमडलेले नसतात, मोबाइलमध्ये असतात. पण माझ्याकडं येणारी मंडळी अजून तेच म्हणतात, जरा उजळ करा. आता तर कित्येकदा मोबाइलनंच चेहरा उजळ करून ठेवलेला असतो, सावल्या पुसून टाकलेल्या असतात. त्यात ना आभाळ असतं, ना अंगण. अशा फोटोवरून मी काय रंगवणार?

म्हणून तुम्हाला शिकायचं असेल, तर रंग विकत आणायच्या आधी एक आठवडा नुसतं बघा. सकाळी घरातलं माणूस दारात चहा घेत बसलं असेल, तेव्हा डोळे किलकिले करा. कपाळाचा रंग कोणता, हनुवटीखालचा कोणता, साडी बदलली की काय बदलतं, हे वहीत शब्दांत लिहून ठेवा. 'सावळा' किंवा 'गोरा' हे दोन शब्द मात्र लिहायचे नाहीत. आठ दिवसांनी ट्यूब उघडा.

आणि माझ्याकडं काम घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली एकच सांगतो. फोटो राहू द्या, अण्णांनाच घेऊन या. दोन सकाळी ओसरीवर बसतील, चहा मी देतो.